निरोप दारापर्यंत गेला पाहिजे

आम्ही दोघे नवरा-बायको नगर-पाथर्डी रस्त्याच्या बाजूच्या एका गावात राहतो. नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच येते. आम्हा दोघांपैकी एकाने हायस्कुलात शिपाई म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली. दुसरी घरी शिलाई मशीन चालवते. शाळेतली पोरे शिपायाला 'मामा' म्हणतात, त्यामुळे घरची बाई आपोआप 'मामी' झाली. आमचे शिक्षण बेताचे. लेखणी धरण्याची सवय नाही. तरीपण कोरोनाच्या दोन वर्षांत आमच्या वस्तीत जे घडले ते आपल्या माणसांना सांगावे, असे बरेच दिवस मनात होते. त्यात आमची एक चूक आहे. तीही सांगणार आहोत.

मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. दहावीची परीक्षा चालू होती. भूगोलाचा शेवटचा पेपर तेवढा राहिला होता. २३ मार्चचा तो पेपर आधी पुढे ढकलला आणि पुढे एप्रिलमध्ये रद्दच झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. शाळेची घंटा वाजविणारा माणूस आमच्या घरात, म्हणून लोकांना वाटे की शाळा केव्हा उघडणार हे यालाच ठाऊक असणार. रोज कोणी ना कोणी अंगणात येऊन विचारी, "मामा, पोरीचा पेपर होणार का?" "मामा, तांदूळ मिळणार का?" "मामा, औंदा नापास करतील का?" आम्हाला तरी काय ठाऊक? पण एक गोष्ट ध्यानात आली. माणसाला रोगाची भीती होतीच, आणि काय चालले आहे हे न कळण्याची भीतीही तेवढीच होती.

शाळेने आपल्या परीने काम सुरू केले. व्हॉट्सअॅपवर वर्गावर्गाचे गट झाले. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजचा अभ्यास मोबाईलवर पाठविण्यास सुरुवात केली. 'दीक्षा' नावाचे अॅप होते. शिक्षकांना आम्ही नावे ठेवणार नाही. कोणाची नेमणूक नाक्यावर, कोणाची घरोघर सर्वेक्षणात. त्यातून वेळ काढून ते गटावर अभ्यास टाकीत. परंतु गटावर टाकले म्हणजे सर्वांना कळले, अशी एक समजूत होऊन बसली. निरोप पाठविला आणि निरोप पोचला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या अंतरात आपली वस्ती राहते.

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. मामीने कापडाचे मास्क शिवले. ते तोंडाला बांधून, उंबरा न ओलांडता, दारात लांब उभे राहून आम्ही घरोघर फिरलो. वस्तीत बेचाळीस घरे. त्यांपैकी एकतीस घरांत शाळेत जाणारी मुले. प्रत्येक घराला एक पान दिले. मुलाचे नाव, इयत्ता, घरात फोन कसला, तो कोणाजवळ असतो, वाचणारे माणूस कोण, एवढेच लिहिले. एकतीस घरांपैकी स्पर्शाचा मोबाईल होता तेरा घरांत. त्यातल्याही चार घरांत रिचार्ज संपलेला. हाताला काम नाही तर रिचार्ज कुठला? बाकीच्यांचे साधे बटणाचे फोन. एका आजीने आम्हाला विचारले, "मामा, त्या गटात जायला कुठून गाडी मिळती?" आम्ही हसलो. मग घरी येऊन दोघेही गप्प बसलो. तिची दोन नातवंडे त्या गटाबाहेर होती आणि ती बाहेर आहेत हे कोणाच्या गावीही नव्हते.

१४ एप्रिलची जयंती त्या वर्षी प्रत्येकाने आपापल्या घरी साजरी केली. मिरवणूक नव्हती, पण वर्गणी आधीच गोळा झाली होती. तिचे काय करावे हा प्रश्न आला. तरुण मुलांनी एकमताने ठरविले, की अर्ध्या पैशांचा किराणा ज्यांची चूल अडली आहे त्यांना द्यावा आणि उरलेल्यातून वस्तीतील पाच फोनांना रिचार्ज करावे. समाजमंदिराच्या भिंतीला जयंतीच्या सूचनेसाठी लावलेला काळा फळा होता. तोच आमचा शाळेचा फळा झाला. रोज सकाळी बारावीतली एक मुलगी गट वाचून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू लागली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या दारात जाऊन आम्ही वाचून दाखवू लागलो.

फळ्यावर काय असे? शाळेत पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळ कोरडे मिळणार, कोणत्या दिवशी, कोणत्या इयत्तेला, पिशवी घरून आणावी. बालभारतीची पुस्तके आली, पालकांनी येऊन न्यावीत. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वर चढविले आहे, कोणी नापास नाही. जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिली मिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली असे. टीव्ही बऱ्याच घरांत होता, मोबाईलपेक्षा तो आम्हाला जवळचा. ज्यांच्याकडे नव्हता त्यांची मुले शेजाऱ्याच्या ओट्यावर अंतर सोडून बसत. त्या मालिकेत अभ्यासासाठी घरातलेच सामान लागे. एकदा एका पोराने आईचे सगळे चमचे मोजायला नेले आणि संध्याकाळी कालवण ढवळायला डाव सापडेना! अशा गोष्टींनी त्या दिवसांत जरा हसू येई.

आता आमची चूक सांगतो.

आपल्या पाथर्डी-शेवगावकडची किती कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, हे नव्याने सांगायला नको. टाळेबंदी लागली तेव्हा ही माणसे कारखान्यांवर, उसाच्या फडात अडकून पडली होती. एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. आमच्या वस्तीतले एक जोडपे आपल्या मुलासह तसेच परत आले. मुलगा आठवी पास होऊन नववीत गेलेला. गावाबाहेर त्यांना चौदा दिवस ठेवले होते. आम्ही वही घेऊन फिरलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप. त्या पानावर आम्ही लिहिले : 'भेट झाली नाही. कुलूप.' पुन्हा जाऊ असे म्हटले. एकदा गेलोही, तर ती मंडळी खुरपणीला गेलेली. मग ते पान तसेच राहून गेले. तीस घरांची पाने भरत गेली आणि या एका घराचे पान कोरे राहिले. एकतीसपैकी तीस म्हणजे चांगले काम झाले, असे आम्हालाही वाटू लागले होते.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरविण्याची शासनाने परवानगी दिली. पालकांचे संमतीपत्र लागणार होते. ती पत्रे घेऊन आम्ही दारोदार निघालो, तेव्हा त्या घराला परत कुलूप. या वेळी कुलूप सहा महिन्यांचे होते. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आधीच ती मंडळी निघून गेली होती, आणि मुलगाही बरोबर गेला होता. बापाचा फोन नंबर बदललेला. शेजारणीने सांगितले, "ते म्हणले, हे वर्स तर शाळा बंदच हाये, पोरगं हितं बसून काय करील? कोयता धरंल."

एप्रिल २०२१ मध्ये नववीची मुले परीक्षेविना दहावीत गेली. त्याचेही नाव दहावीच्या पटावर आले. नाव आले, मुलगा आला नाही. आज तो ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवितो. कष्टाळू आहे, निर्व्यसनी आहे. मागल्या वर्षी एका लग्नात भेटला. पाया पडला आणि सहज विचारावे तसे म्हणाला, "मामा, मी गेलो त्या साली शाळा उघडली व्हती का?" आम्ही हो म्हणालो. तो म्हणाला, "आमाला कुनी सांगितलंच नाही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

ऊसतोडीमागचे दारिद्र्य आम्ही दोघे दूर करू शकलो नसतो, हे खरे. शाळा उघडणार हे कळूनही कदाचित तो गेला असता. पण न कळताच गेला, हे ओझे आमचे आहे. जो घरी सापडत नाही त्यालाच निरोपाची गरज जास्त असते. आम्ही मात्र सापडणाऱ्यांकडे दहा वेळा गेलो आणि न सापडणाऱ्याकडे दोनदा.

त्यानंतर आम्ही वहीचा नियम बदलला. ज्या पानावर 'कुलूप' असेल ते पान आठवड्यात पहिल्यांदा उघडायचे. शेजारणीकडे, चुलत्याकडे, मुकादमाकडे चौकशी करायची, दोन नंबर लिहून घ्यायचे. आणि नुसते सांगून निघायचे नाही. "समजलं का?" असे विचारले की माणूस हो म्हणतो. म्हणून आम्ही विचारू लागलो, "आता सांगा बरं, कोणत्या तारखेला कुठं जायचं?" त्यांनी सांगितले म्हणजे निरोप पोचला असे धरायचे.

या नव्या नियमाची परीक्षा लवकरच झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा फार वाईट होती. गावागावांतून माणसे गेली. आमच्या वस्तीत हमाली करणारा एक चाळिशीतला माणूस आठ दिवसांत गेला. मागे बायको, म्हातारा बाप, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. त्याच सुमारास, २० एप्रिलला, दहावीची परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले.

त्या घरी आम्ही गेलो तेव्हा भीतीपोटी त्याचे कपडे, अंथरूण जाळायला बाहेर काढले होते. मामीने सदऱ्याच्या खिशातले आणि उशाखालचे दवाखान्याचे कागद आधी बाजूला काढून घेतले. तपासणीचा अहवाल, भरती केल्याचा कागद, सगळे पिशवीत बांधून घराच्या आढ्याला टांगले. त्या वेळी त्या कागदांचा उपयोग काय होईल हे आम्हाला ठाऊक नव्हते. गरिबाने कागद जाळू नये, एवढेच ठाऊक होते.

पंधरा दिवसांनी कानावर आले, की मुलीसाठी स्थळ पाहिले आहे. म्हातारा आजोबा वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, "मामा, परीक्षाच नाही तर शाळा कसली ऱ्हायली? आन् घरात कमावता गडी नाही. चार मानसांत लगीन उरकतंय, तेवढंच वझं कमी." मुलगी सोळा वर्षांची. ती चुलीपुढे मान खाली घालून बसली होती.

आम्ही भांडलो नाही. मामी म्हणाली, "तात्या, परीक्षा नाही पण निकाल आहे." मग आम्ही फळ्यावर लिहिलेलेच समजावून सांगितले. २८ मे रोजी शासनाने ठरविले होते, की नववीच्या निकालाचे पन्नास गुण, दहावीच्या वर्षातील लेखी मूल्यमापनाचे तीस आणि गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाचे वीस, असे शंभरांपैकी गुण मिळणार. नववीला ती वर्गात चौथी होती, म्हणजे पन्नास गुणांचे काम झालेलेच होते. तिचा गृहपाठ तेवढा शाळेत द्यायचा राहिला होता, कारण बापाच्या आजारात फोन बंद पडला आणि तिला ते कळलेच नाही. आम्ही आजोबांना हेही सांगितले, की अठरा वर्षांआधी लग्न लावणे गुन्हा आहे, ग्रामसेवकाला दखल घ्यावीच लागेल, आणि १०९८ या नंबरावर कोणीही कळवू शकते. पण कायद्याने म्हातारा गप्प झाला असता, वळला नसता. तो वळला मामीच्या दुसऱ्या वाक्याने. ती म्हणाली, "तुमच्या पोराने हमाली करून पोरीची नववी काढली. त्याचे पन्नास गुण तिच्या खात्यावर जमा आहेत. ते तुम्ही का सोडून देता?"

मुलीने तीन दिवस बसून गृहपाठ पुरा केला. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला, ती उत्तीर्ण झाली. अकरावीसाठी प्रवेश परीक्षा होणार असे आधी जाहीर झाले, पुढे १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द केली. दर आठवड्याला नवा निरोप! ज्याला दर आठवड्याला सांगणारे कोणी नाही त्याने काय करावे?

आढ्याला टांगलेली ती पिशवी हिवाळ्यात कामी आली. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याचे सर्वोच्च न्यायालयात ठरले, आणि २०२१ च्या शेवटी राज्यात त्यासाठी अर्ज सुरू झाले. अर्जाला तपासणीच्या अहवालाचा आधार लागत होता. तो पिशवीत होता. पालक गमावलेल्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजनाही आहे. एक पालक गेला तरी मूल तिला पात्र ठरते. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली आणि तिला सावित्रीबाई फुल्यांचे नाव देण्यात आले. आई आणि वडील दोघेही कोरोनाने गेले अशा मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवण्याचे ठरविले होते. या सर्व गोष्टी कागदावर होत्या. पण विधवा झालेल्या बाईला तहसील कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक नसेल, तर कागदाने काय होणार? आपल्याच जिल्ह्यातील अकोल्याचे शिक्षक-कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने 'कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती' उभी राहिली. कोरोनात नवरा गमावलेल्या बायकांसाठी या समितीने काम केले. आमच्या त्या वहिनीला आम्हीच तहसीलला घेऊन गेलो. पहिल्या खेपेला एक कागद कमी, दुसऱ्या खेपेला साहेब नाहीत, तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. एकटी असती तर ती पहिल्याच खेपेला घरी बसली असती.

आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव तेव्हा सगळीकडे गाजले. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने मे २०२१ मध्ये कोरोना हटविला. त्यांची युक्ती फार मोठी नव्हती. गावातल्याच माणसांची पथके केली आणि घरोघर जाऊन विचारपूस केली. कोण आजारी, कोणाला काय हवे, हे दारात जाऊन पाहिले.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. सावित्रीमाई शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला याच नगरात फरार बाईंच्या शाळेत आल्या होत्या. पुढे १८९७ साली पुण्याकडे प्लेगची साथ आली, तेव्हा मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेग झालेल्या पोराला त्यांनी स्वतः उचलून आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्याच साथीने त्यांना गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माई तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. दुसऱ्या कोणाला पाठविता आले असते. पण त्या स्वतः दारापर्यंत गेल्या. आम्ही काही तेवढे मोठे काम केले नाही. आम्ही फक्त मास्क बांधून चार घरे फिरलो. परंतु कोणाच्या वाटेने चालायचे, हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

आमच्या भागात १ डिसेंबर २०२१ ला पहिली ते चौथीची लहान मुलेही शाळेत आली. जानेवारीत पुन्हा थोडे दिवस शाळा बंद झाल्या आणि मग उघडल्या त्या उघडल्या. त्या दिवशी मामांनी घंटा जरा जास्तच वेळ वाजविली. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "पुरे आता." पुढच्याच वर्षी मामा निवृत्त झाले.

ती हमालाची मुलगी बारावी झाली आणि आता नगरला नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. सुट्टीत आली की समाजमंदिराच्या फळ्यावर तीच लिहिते. कारण फळा आम्ही काढला नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, जातीच्या दाखल्याला लागणारे कागद, वसतिगृहाचे प्रवेश, बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म, सगळे त्याच्यावर येते. साथ गेली, पण तारखा चुकण्याचा रोग आपल्या वस्तीतून अजून गेलेला नाही.

माता-भगिनींनो, भावांनो, आमचे सांगणे एवढेच आहे. आपल्या वस्तीत एक फळा असू द्या आणि एक वही असू द्या. शाळेकडून मोबाईलवर काही आले, तर ते वाचून खाली ठेवू नका. शेजारच्या घरी बटणाचा फोन आहे का, ते बघा. तिथे जाऊन मोठ्याने वाचा आणि समजले का ते उलट विचारून घ्या. ज्या दाराला कुलूप आहे तिथे दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा.

ती दोनशे पानी वही आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तिच्यातले एक पान अजून कोरेच आहे. वर फक्त चार शब्द आणि एक नाव. दिवाळी जवळ आली, मुकादमांच्या गाड्या वस्तीत येऊ लागल्या, की आम्ही ते पान काढून बघतो आणि चपला घालून बाहेर पडतो.

जयभीम.